तलावावर संबंध डोळ्यांना दिसतो, पण कोरिलेशन शून्य येतं: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

नागपूरच्या अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव या तलावांवर पाण्याचे नमुने घेणारे, पक्षी मोजणारे विद्यार्थी आणि हौशी निरीक्षक दर हिवाळ्यानंतर एकच तक्रार घेऊन येतात. पाणी उतरलं की बदकं वाढतात हे तलावावर स्पष्ट दिसतं, पण एक्सेलमध्ये कोरिलेशन (दोन रकाने किती सोबत चढतात-उतरतात ते सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा) काढलं की ०.०४ येतं. मग पद्धत बदलली जाते, नवं पॅकेज उतरवलं जातं, आणि दोष मात्र जिथल्या तिथे राहतो. बहुतेक वेळा तो पद्धतीत नसतोच. तो रकान्यात असतो, नाहीतर नमुना घेण्याच्या वेळेत. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या चारांना एक दुपार पुरते आणि पैसा लागत नाही.

लक्षणं

- पिअर्सन कोरिलेशन (एक्सेल देतं ते नेहमीचं) शून्याजवळ, पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा आकडा येण्याची शक्यता) ०.०५ च्या वर, पण प्रत्यक्ष तलावावर संबंध दिसतो.
- सगळे तलाव एकत्र घेतले की संबंध उणे, प्रत्येक तलाव वेगळा पाहिला की अधिक.
- कोरिलेशन ०.७, पण एका दिवसाची नोंद काढली की ०.१.
- पी-व्हॅल्यू ०.००१, पण पुढच्या वर्षीच्या नोंदी जोडल्या की सगळं विरतं.
- ज्यांचा एकमेकांशी काही संबंध असूच शकत नाही अशा दोन गोष्टींत भक्कम संबंध दिसतो.

पहिल्या लक्षणात खरा संबंध निसटलेला असतो. शेवटच्या तिन्हींत नसलेला संबंध दिसत असतो, आणि हा दोष जास्त घातक, कारण निकाल मनासारखा आला की कोणी पुन्हा तपासत नाही.

१. आधी चित्र काढा

दोन रकाने घ्या, स्कॅटर प्लॉट काढा (प्रत्येक नोंदीचा एक बिंदू), प्रत्येक तलावाला वेगळा रंग द्या. फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच दाखवले होते. चारही संचांचं कोरिलेशन ०.८१६, पण एकात साधी सरळ रेषा, एकात कमान, एकात एका बिंदूमुळे वाकडी झालेली रेषा, आणि एकात सगळा संबंध एकट्या बिंदूने उभा केलेला. आकडा एकच, गोष्टी चार.

पिअर्सन फक्त सरळ रेषा शोधतो. उणे ५ ते अधिक ५ पर्यंतचे पूर्णांक घ्या, त्यांचे वर्ग करा आणि कोरिलेशन काढा. नेमकं शून्य येतं, जरी दुसरा रकाना पूर्णपणे पहिल्यावरून ठरलेला असला तरी. परिसंस्थेत असे आकार पावलोपावली भेटतात. तलवार बदकासारखी उथळ पाण्यात चरणारी बदकं डोकं खाली घालून मान पोचेल तिथवरच खातात. ऑक्टोबरात तलाव तुडुंब असतो तेव्हा काठालाच पाणी खोल असतं, चरायला जागा कमी. पातळी उतरली की उथळ पट्टा रुंदावतो, बदकं वाढतात. आणखी उतरली की चिखल उघडा पडतो, बदकं निघून जातात. पातळी आणि बदकं यांचा आलेख टेकडीसारखा येतो. चढ आणि उतार एकमेकांना खोडतात आणि कोरिलेशन शून्य.

चित्रात चार आकार शोधा: टेकडी किंवा दरी, पाचर (खाली सगळीकडे बिंदू, वरची कड मात्र चढती), वेगवेगळे पुंजके, आणि एकटा दूर पडलेला बिंदू. पुढची वाट यावरच ठरते.

२. रकाने तपासा

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात, म्हणून या पायरीला वेळ द्या.

तारखा. कागदावर ०५/११ लिहिलेली ५ नोव्हेंबरची नोंद अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ११ मे होते. १२ पर्यंतचे दिवस उलटतात, १३ पासूनचे मजकूर म्हणून तसेच राहतात. मे महिन्यात हिवाळी पाहुणी बदकं दिसायला लागली की पक्ष्यांच्या वर्तनाचा विचार नंतर, तारखेचा आधी.

रिकामी जागा आणि शून्य. तलावावर गेलो, मोजलं, एकही बदक नव्हतं, हे शून्य. धुक्यामुळे मोजताच आलं नाही, ही रिकामी जागा. दोन्ही ठिकाणी शून्य भरलं की खोटे शून्य संबंध पुसून टाकतात.

एककं. नायट्रेट काही प्रयोगशाळा नायट्रेट म्हणून देतात, काही त्यातल्या नायट्रोजनच्या रूपात. फरक ४.४३ पटींचा. फॉस्फेट आणि फॉस्फरस यांत ३.०७ पटींचा. बीओडी (पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजताना लागणारा ऑक्सिजन) भारतात साधारणपणे २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात, जुन्या अहवालांत २० अंशांवर ५ दिवसांची पद्धतही सापडते. दोन प्रयोगशाळांचे अहवाल एकाच रकान्यात गेले असतील तर चित्रात दोन समांतर पट्टे दिसतात. अहवालाच्या तळटिपेत एकक नसेल तर फोन करून विचारा, अंदाजाने गुणू नका.

मोजमापाची मर्यादा. सेक्ची तबकडी (पारदर्शकता मोजायला पाण्यात सोडतात ती) उथळ पाण्यात तळाला टेकली तरी दिसत असेल तर तुम्ही पारदर्शकता मोजलेली नाही, खोली मोजलेली आहे. तिथे ‘०.९ मीटरपेक्षा जास्त’ असं लिहायचं असतं, नुसतं ०.९ नव्हे. उन्हाळ्यात अशा नोंदी वाढतात आणि पारदर्शकता पातळीमागोमाग चालल्याचा भास होतो. ‘शोधमर्यादेच्या खाली’ आलेल्या रासायनिक नोंदींचंही तसंच. त्यांच्या जागी शून्य भरू नका. वेगळा रकाना करून खूण ठेवा.

अक्षरं. देवनागरीत भरलेले आकडे, किंवा ‘१५ अंदाजे’ असं लिहिलेला कप्पा, आर (R, सांख्यिकीचं मोफत सॉफ्टवेअर) मजकूर म्हणून वाचतं आणि संख्येत बदलताना ती नोंद गाळतं. इशारा एका ओळीचा येतो, तो वाचायचा राहून जातो. विश्लेषणात किती नोंदी खरोखर वापरल्या गेल्या ते दर वेळी छापून घ्या आणि वहीतल्या संख्येशी ताडून पाहा.

३. नमुना किती वाजता घेतला?

समजा एक गट दर फेरीला गोरेवाड्याहून सहा वाजता निघतो, आठला फुटाळा, दहाला अंबाझरी आणि बाराला सोनेगाव. आता विद्राव्य ऑक्सिजनमधला फरक तलावांचा की घड्याळाचा? शेवाळ भरलेल्या पाण्यात रात्रभर श्वसन चालतं, म्हणून पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी. ऊन चढलं की प्रकाशसंश्लेषणामुळे तो वाढत जातो आणि दुपारी संपृक्ततेच्याही वर जाऊ शकतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात संपृक्तता २५ अंशांवर ८.२६ आणि ३० अंशांवर ७.५६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर, म्हणून इथे सुमारे साडेतीन टक्के कमी. म्हणजे पाच अंशांच्या फरकाने ऑक्सिजन पाऊण मिलिग्रॅमही हलत नाही, तर पहाट ते दुपार हा फरक हिरव्या पाण्यात कितीतरी मिलिग्रॅमचा असू शकतो. तापमानाचा परिणाम शोधताना वेळ नोंदवली नसेल तर तो दिसणारच नाही. किंवा उलटा दिसेल: दुपारचं पाणी गरमही आणि ऑक्सिजनने भरलेलंही.

उपाय बिनखर्चाचा. एक फेरी गोरेवाड्याहून सुरू करा, पुढची सोनेगावहून, आणि प्रत्येक नमुन्यावर वेळ मिनिटासकट लिहा. मग वेळ हा एक स्वतंत्र घटक म्हणून विश्लेषणात घालता येतो. गोळा झालेल्या नोंदींत प्रत्येक तलाव कायम त्याच वेळी पाहिलेला असेल, तर तलाव आणि वेळ कोणत्याही सूत्राने वेगळे करता येत नाहीत. तिथे तलावांची आपसात तुलना सोडून द्या. एकाच तलावातले, एकाच वेळेचे, महिन्यांतले बदल पाहा.

४. तलाव वेगळे करून पाहा

दुसरं लक्षण असेल तर हीच पायरी. एका तलावात पोषकद्रव्यांमुळे पाणवनस्पती कायम जास्त आणि गर्दीमुळे बदकं कायम कमी, दुसऱ्यात नेमकं उलट. प्रत्येकात पाणवनस्पती वाढल्या की बदकं वाढतात, पण सगळं एकत्र केलं की चढत्या रेषा एकमेकींखाली सरकतात आणि एकूण कल उतरता दिसतो. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. रंगीत स्कॅटर प्लॉटमध्ये तो लगेच ओळखू येतो. तलावनिहाय सरासरी वजा करून पुन्हा कोरिलेशन काढा. चिन्ह बदललं तर यापुढे तलाव हा घटक प्रत्येक मॉडेलमध्ये ठेवायचा.

५. स्पिअरमन, मग डिस्टन्स कोरिलेशन

स्पिअरमन आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरतो. संबंध एकाच दिशेने जाणारा पण वाकडा असेल तर तो पिअर्सनपेक्षा मोठा येतो. पिअर्सन मोठा आणि स्पिअरमन लहान असेल तर एखादा दूरचा बिंदू खेळ करतोय. टेकडीपुढे मात्र दोघेही हतबल.

टेकडीसाठी डिस्टन्स कोरिलेशन. सेकेली, रिझो आणि बाकिरोव यांनी २००७ मध्ये मांडलेलं हे माप तत्त्वतः शून्य तेव्हाच होतं जेव्हा दोन गोष्टी पूर्णपणे स्वतंत्र असतात. आरमध्ये ‘एनर्जी’ पॅकेजात ते आहे. चाचणी घेताना अदलाबदलींची (एक रकाना पिसून माप पुन्हा काढण्याची) संख्या ९९९ द्या. तेवढ्यात सर्वांत लहान पी-व्हॅल्यू ०.००१ मिळू शकते.

इथे हमखास होणारी चूक: मिळालेला आकडा पिअर्सनसारखा वाचणं. हे माप कधी उणे नसतं आणि थोड्या नोंदींवर वर सरकलेलं असतं. काहीही संबंध नसताना २०-३० नोंदींवर ते सहज ०.३ च्या आसपास येतं. म्हणून ‘०.३५ आलं, मध्यम संबंध’ असं लिहू नका. पी-व्हॅल्यू पाहा, किंवा त्याच पॅकेजातलं, वर सरकण्याचा हा दोष काढलेलं (बायस-करेक्टेड) रूप वापरा.

२०११ मध्ये आलेल्या मॅक्सिमल इन्फर्मेशन कोएफिशियंट या मापाचंही नाव बरंच घेतलं जातं. आमचं मत असं की शंभरेक नोंदींच्या तलाव-डेटावर ते वापरू नये. अनेक नेहमीच्या आकारांवर त्याची पकड डिस्टन्स कोरिलेशनपेक्षा कमी असल्याचं सांख्यिकीतज्ज्ञांनी दाखवलेलं आहे, आणि थोड्या नोंदींत ते गोंधळाला संबंध समजतं.

या सगळ्या मापांचं उत्तर ‘संबंध आहे’ एवढंच. कसा आहे, ते पुढच्या पायऱ्यांत.

६. नोंदी खरोखर किती आहेत?

आता चौथ्या लक्षणाकडे. एकाच तलावाच्या १२० आठवड्यांच्या नोंदी म्हणजे १२० स्वतंत्र पुरावे नव्हेत. आजची पातळी गेल्या आठवड्याच्या पातळीसारखीच असते. दोन्ही रकान्यांचं स्वतःच्या मागच्या नोंदीशी कोरिलेशन ०.८ असेल तर त्यांचा गुणाकार ०.६४. १ मधून तो वजा करा, १ मध्ये तो मिळवा, भागाकार घ्या: ०.३६ भागिले १.६४, म्हणजे ०.२२. १२० नोंदींचं वजन उरलं २६ चं. कोरिलेशन ०.३ असेल तर १२० वर पी-व्हॅल्यू ०.००१ च्या आत येते, २६ वर सुमारे ०.१४. निकाल होता तो गेला.

याचंच दुसरं रूप: एका फेरीत तलावाच्या पाच कोपऱ्यांतून घेतलेले पाच नमुने पाच तलाव म्हणून मोजणं. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. प्रश्न तलावांबद्दल असेल तर नोंदींची संख्या तलावांइतकीच.

ऋतूचा सापळा याहून खोल आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर पातळी उतरत जाते आणि त्याच काळात, नोव्हेंबरपासून, स्थलांतरित बदकं येतात. फेब्रुवारी-मार्चला परततात, तेव्हा पाणी आणखी उतरलेलं असतं. म्हणजे पहिल्या पायरीतली ती टेकडी खोलीमुळे आहे की निव्वळ स्थलांतराच्या वेळापत्रकामुळे? एका तलावाच्या एका हिवाळ्यावरून हे सांगता येत नाही. डिस्टन्स कोरिलेशन तिथे अगदी ठणठणीत पी-व्हॅल्यू देईल आणि तरीही प्रश्न तसाच राहील. तुलना हवी ती एकाच आठवड्यात वेगवेगळ्या पातळीच्या तलावांची, किंवा एकाच तलावाच्या एकाच आठवड्याची, भरघोस आणि तुटपुंज्या पावसाच्या वर्षांत.

अदलाबदलीची चाचणीही इथे जपून. आठवडे सुटे करून पिसले की ऋतू मोडतो आणि कशालाही संबंध ठरवला जातो. पिसायची तर अख्खी वर्षं पिसायला हवीत. पण तीन वर्षांच्या फक्त सहा मांडण्या होतात, आणि सर्वांत लहान पी-व्हॅल्यू येते एक षष्ठांश, म्हणजे ०.१७. तीन वर्षांच्या एका तलावावर या मार्गाने काही सिद्ध होणार नाही, हे काम सुरू करण्याआधीच ओळखा. पाच वर्षांच्या १२० मांडण्या होतात, तिथे जमतं.

७. वाकडी रेषा बसवणं

इथवर आल्यावरच जीएएम, म्हणजे जनरलाइज्ड ॲडिटिव्ह मॉडेल. आरमधलं ‘एमजीसीव्ही’ पॅकेज पुरेसं आहे. पक्ष्यांच्या मोजणीला साधं नॉर्मल वितरण नको. थव्यांमुळे पॉइसनही (मोजणीच्या आकड्यांचं नेहमीचं वितरण) बहुधा अपुरं पडतं, म्हणून जास्त चढउतार सामावणारं निगेटिव्ह बायनॉमियल घ्या. गुळगुळीतपणा ठरवायला रेमल (REML) पद्धत निवडा, नाहीतर थोड्या नोंदींवर रेषा उगाच वळवळते. वर्षाच्या दिवसासाठी चक्रीय वक्र घ्या, म्हणजे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी एकमेकांना जुळतात. तलाव हा घटक आहेच.

वक्राला किती लवचीकपणा मिळेल याची वरची हद्द ‘के’. एका घटकाच्या वक्राला ती आपोआप १० असते. मॉडेल बसल्यावर पॅकेजातली तपासणी चालवा. के-इंडेक्स १ पेक्षा बराच कमी, त्याची पी-व्हॅल्यू लहान, आणि वापरलेला लवचीकपणा हद्दीला टेकलेला, या तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या तर ‘के’ दुप्पट करा. पातळीच्या वेगळ्या किमतीच आठ असतील तर १० चा वक्र बसत नाही आणि पॅकेज त्रुटी दाखवतं. तेव्हा ‘के’ ५ करा.

मग कॉनकर्व्हिटी पाहा. पातळी, तापमान आणि महिना एकमेकांमागे चालतात, म्हणून एक वक्र दुसऱ्याचं काम करू शकतो. हा आकडा ०.८ च्या वर गेला तर त्या दोन वक्रांचं स्वतंत्र अर्थ लावणं थांबवा. पी-व्हॅल्यू कितीही लहान दिसो.

चित्रात पाचर असेल तर जीएएमचा मधला वक्र चुकीची गोष्ट सांगतो. पाणवनस्पती भरपूर आहेत, पण फुटाळ्याच्या चौपाटीकडच्या काठासारखी वर्दळ असली की बदकं येतच नाहीत. वनस्पती फक्त कमाल मर्यादा ठरवतात, खालचं सगळं दुसऱ्या कारणांनी घडतं. तिथे कोएन्कर आणि बॅसेट यांची १९७८ ची क्वांटाइल रिग्रेशन वापरा आणि ०.९ ची वरची कड, म्हणजे ९० टक्के नोंदी जिच्याखाली राहतात ती रेषा बघा. ४० नोंदींवर ०.९५ ची कड मागू नका. तिच्यावर फक्त दोन बिंदू उरतात.

८. किती जोड्या तपासल्या?

पाचव्या लक्षणाचं कारण बहुधा हेच. १५ रकान्यांच्या १०५ जोड्या होतात. कशाचाही कशाशी संबंध नसला तरी ०.०५ च्या कसोटीवर पाचेक जोड्या ‘सिद्ध’ होतील. २० चाचण्यांत निदान एक खोटा निकाल येण्याची शक्यता ६४ टक्के. पावसाचा परिणाम एक, दोन, तीन, चार आठवड्यांनी दिसतो का, असं एकेक करून पाहिलं तर त्याही चार चाचण्या धराव्या लागतात. अनेक चाचण्यांतले खोटे निकाल आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी-हॉकबर्ग दुरुस्ती, १९९५ ची, आरमध्ये एका ओळीत होते. त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न आणि किती आठवड्यांचा उशीर अपेक्षित आहे, हे डेटा उघडण्याआधी वहीत तारखेसह लिहून ठेवणं.

इथे थांबा, सांख्यिकीतज्ज्ञ गाठा

- तलाव, वेळ, ऋतू यांतले दोन घटक पूर्णपणे एकमेकांत मिसळलेले असतील.
- तीन चतुर्थांशांहून जास्त नोंदी शून्य असतील, आणि पक्षी नव्हता की दिसला नाही हे ठरवता येत नसेल. दिसण्याच्या शक्यतेचं मॉडेल वेगळं असतं, त्याला एकाच फेरीत पुन्हा मोजलेल्या नोंदी लागतात.
- शोधमर्यादेखालच्या नोंदी एकूण नोंदींच्या पाव भागाहून जास्त असतील.
- दोन घटकांचा एकत्र परिणाम शोधायचा असेल, उदाहरणार्थ फॉस्फरस कमी असताना नायट्रोजनचा शेवाळावर परिणाम दिसत नाही, आणि नोंदी शंभराच्या आत असतील.
- कोण कारण आणि कोण परिणाम, हे ठरवायचं असेल. सुगिहारा आणि सहकाऱ्यांची २०१२ ची कन्व्हर्जंट क्रॉस मॅपिंग पद्धत यासाठीच आहे, पण तिला लांबलचक, समान अंतराने घेतलेली नोंदमाला लागते, आणि दोन्ही मालिका एकाच ऋतूच्या तालावर चालत असतील तर ती खोटं कारण दाखवते. विदर्भातला बहुतेक तलाव-डेटा नेमका तसाच असतो. एकट्याने चालवू नका.
- निकाल पर्यावरण परिणाम अहवालात, न्यायालयात किंवा गाळ काढण्याच्या निर्णयात वापरला जाणार असेल. इथे पहिल्या पायरीपासूनच तज्ज्ञ हवा.

जाताना मूळ फाइल न्या, साफ केलेली वेगळी. सोबत प्रत्येक रकान्याचं एकक आणि मोजण्याची पद्धत, नमुना-ठिकाणांचा हाताने काढलेला नकाशा, रंगीत स्कॅटर प्लॉट, आतापर्यंत केलेल्या सगळ्या चाचण्यांची यादी (न जमलेल्यांसकट) आणि एका वाक्यात लिहिलेला प्रश्न. नागपूरकरांना विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग जवळ आहे. जायची उत्तम वेळ ऑगस्ट-सप्टेंबर: बदकं यायची असतात, फेऱ्यांचा क्रम आणि वेळा अजून बदलता येतात.